पाय धुतलेल्या पाण्याची गोष्ट

मुलांनो, संध्याकाळी खेळून घरी आलात की आई काय म्हणते? "आधी पाय धू!" आज आपण जाऊ या आयर्लंडला. ब्रिटनच्या पश्चिमेला असलेलं हे हिरवंगार बेट. पूर्वी तिथल्या खेड्यांतली मुलं उन्हाळाभर अनवाणीच हिंडायची, शाळेतसुद्धा! त्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी पाय धुणं आलंच. गंमत पुढेच आहे. ते पाणी रात्री घरात ठेवायचं नाही! का? तर बाहेरून पऱ्या हाक मारतात आणि ते पाणीच उठून त्यांना दार उघडतं म्हणे! पाणी बाहेर फेकतानाही आधी "सांभाळा!" असं ओरडायचं. अंधारात एखादी परी भिजली आणि रागावली तर? पऱ्या येवोत न येवोत, पाय मात्र स्वच्छ व्हायचे!

बूट म्हणजे मोठी चैन. रविवारी चर्चला निघालेली माणसं बूट हातात धरून चालायची आणि चर्च जवळ आलं की पायांत घालायची. अरान बेटांवरचे लोक गाईच्या कच्च्या कातड्याचे जोडे वापरत, केसाळ बाजू बाहेर! वाळले की ते कडक होत, म्हणून रात्री पाण्यात भिजत घालावे लागत.

पऱ्यांनाही चांभार होता बरं का! त्याचं नाव लेप्रेकॉन. सोनं लपवून ठेवणारा हा बुटका म्हातारा नेहमी एकच बूट शिवताना दिसतो.

मेयो परगण्यात क्रो पॅट्रिक नावाचा ७६४ मीटर उंच डोंगर आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात. काही जण आजही अनवाणी!

या जुन्या गोष्टी आपल्याला कुणामुळे कळतात, ठाऊक आहे? तुमच्यासारख्या मुलांमुळे! १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या ५०,००० हून अधिक मुलांनी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून अशा आठवणी वह्यांत उतरवल्या. सगळी मिळून सुमारे ७ लाख ४० हजार पानं झाली! डब्लिनच्या विद्यापीठात ती जपून ठेवली आहेत. सांगणारे आजी-आजोबा गेले, त्यांचं बोलणं मात्र उरलं.

तुमच्या आजीला पहिली चप्पल कधी मिळाली? आज रात्री पाय धुऊन तिच्याजवळ बसा आणि विचारा. आणि हो, वही-पेन्सिल घेऊन बसा!