फुसका बार

"बंदुकीवर लिहिशील ना गं?" टीम लीडने विचारलं आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. कंटेंट रायटरच्या नोकरीत नाही म्हणायची सोय नसते. त्याच आठवड्यात मी गुडघ्याचे पट्टे, कुत्र्यांची बिस्किटं आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग अशा तीन विषयांवर लिहिलं होतं. त्यात आता अमेरिकेतल्या एका दुकानासाठी लेख हवा होता. विषय होता, शिकारीच्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन ऐनवेळी का अडकतात.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय करायचंय? खरंय. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंदच आहे. पण तिकडे बदकांच्या हंगामात माणसं पहाटे अंधारात, गुडघाभर गार पाण्यात उभी राहतात. बदकं डोक्यावर येतात ती काही सेकंदांसाठी. तेवढ्यात बंदुकीने दगा दिला तर अख्खी सकाळ फुकट. त्यामुळे या विषयावर ती माणसं किती पोटतिडकीने बोलतात ते वाचून मी थक्क झाले. आपल्याकडे मिक्सर बिघडल्यावर बोलतात ना, अगदी तसं.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच बार, पण पुढची तयारी बंदूक स्वतः करते. रिकामं काडतूस बाहेर फेकायचं, नवं आत घ्यायचं, मागचं दार लावायचं, हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. ही ताकद येते त्याच बारातून. काडतूस हलकं असेल तर ताकद अपुरी पडते आणि सगळं अर्ध्यावर थांबतं. निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथेच दिसलं.

या जातीची पहिली गाजलेली बंदूक जॉन ब्राउनिंग यांची, ऑटो-५. पेटंट १९०० सालचं. विंचेस्टर कंपनीशी रॉयल्टीवरून फिसकटलं, म्हणून ते रेमिंग्टनकडे गेले. तिथले प्रमुख मार्सेलस हार्टली १९०२च्या जानेवारीत अचानक वारले. शेवटी बेल्जियमच्या एफएन कंपनीने ती बनवली आणि पुढे जवळजवळ शतकभर ती बनत राहिली. तिच्यात बार उडाला की नळीसुद्धा मागे सरकते. तिला आवरायला आत घर्षणाच्या कड्या असतात. हलक्या काडतुसांना त्यांची एक मांडणी, जड काडतुसांना दुसरी. आजोबांची बंदूक नातवाकडे येते, कड्या कशा बसवायच्या ते सांगणारं कुणी उरत नाही, आणि मग बंदूक एक तर अडकते किंवा पुढचं लाकूड तडकवते. हा तपशील मला इतका आवडला की त्यावर मी दोन परिच्छेद जास्त लिहिले. ते नंतर उडवले गेले, ती गोष्ट वेगळी.

पुढे गॅसवर चालणाऱ्या बंदुका आल्या. १९६३ची रेमिंग्टन ११०० त्यातली प्रसिद्ध. नळीला बारीक भोकं, त्यातून थोडा गॅस बाहेर येऊन दट्ट्या ढकलतो. तिथे काजळी साचते. शिवाय एक रबरी रिंग असते, आपल्या कुकरच्या रिंगेची धाकटी बहीण म्हणा. ती चिरली की गॅस निसटतो आणि बंदूक सुस्तावते. इटलीच्या बेनेलीने गॅस टाळून बंदुकीच्या धक्क्यावरच सगळं चालवलं. काजळी कमी, पण तिचंही एक दुखणं आहे. शिकारी आवाज होऊ नये म्हणून बोल्ट हाताने हळूच पुढे नेतो, किंवा बंदूक कुठेतरी आपटते, आणि बोल्टचं तोंड पूर्ण फिरून बसत नाही. मग बदक समोर असताना चाप ओढला की फक्त "टिक्". उपाय साधा आहे, बोल्ट हाताने न आवरता सोडून द्यायचा.

अजून एक गंमत. पुष्कळ बंदुकांत बोल्टला पुढे आणणारी स्प्रिंग मागच्या लाकडी दस्त्यात असते. पाणी तिथे झिरपतं, स्प्रिंग गंजते, आणि मालक मात्र पुढचाच भाग चकचकीत पुसत बसतो. काहीजण वर तेल ओततात. कडाक्याच्या थंडीत तेच तेल घट्ट होऊन बोल्टची चाल मंदावते.

हे सगळं मी छान लिहिलं. आणि शेवटी, लेख उपयोगी वाटावा म्हणून, एक वाक्य माझ्या मनाने घातलं. "काडतूस बाहेर फेकलं गेलं नाही, तर घाबरू नका, हाताने बोल्ट ओढा, पुढचं काडतूस भरा आणि शिकार चालू ठेवा." लेख गुरुवारी गेला, शुक्रवारी साइटवर चढला.

शनिवारी आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, फोन आला. ते सिंधुदुर्गात असतात. शेतीच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मी फुशारकीने त्यांना लेख मराठीत करून ऐकवला. कड्यांवर ते खूश झाले. शेवटच्या वाक्यावर गप्प.

मग म्हणाले, "बाय, बार फुसको गेलो तर पयली नळी बघूची. मगेच दुसरो भरूचो."

मी म्हटलं, आबा, ही तुमच्यासारखी ठासायची नव्हे, आधुनिक आहे. ते म्हणाले, "नळी तीच मगे."

फोन ठेवून मी शोधायला बसले आणि हातपाय गार पडले. दारू नीट पेटली नाही, तर नुसता "फुस्स" आवाज होतो. धक्का नाही, म्हणून बंदूक पुढचं काडतूस घेत नाही. बाहेरून हे अगदी नेहमीच्या अडकण्यासारखंच दिसतं. पण आत नळीत बूच किंवा छर्रे अडकलेले असू शकतात. त्यावर दुसरा बार टाकला तर नळी फुटते, आणि बंदूकवाल्याचा एक हात नेमका त्या नळीखाली असतो. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेलं तरी हेच होतं. ते पुढे सरकून नळीत बसतं आणि मागून बाराचं काडतूस खुशाल भरता येतं. म्हणून तर वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात. आणि चाप ओढूनही बार उडालाच नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. दारू उशिराही पेटू शकते.

हे सगळं सुरक्षिततेच्या साध्या नियमावल्यांत लिहिलेलं होतं. मी अडकण्याच्या कारणांमागे धावले, ती पानं उघडलीच नाहीत.

मी टीम लीडला फोन केला. तिने सोमवारी बघू म्हटलं. मी म्हटलं, ताई, सोमवारी नाही. बहुधा माझा आवाज चिरकला असावा, कारण तिने तिकडच्या माणसाला लगेच मेसेज केला. भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तिकडे सकाळ होती. नवा मजकूर मीच पाठवला: आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला तर थांबा, बंदूक रिकामी करा, नळी मोकळी असल्याची खात्री करा, शंका असेल तर बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. एकच्या सुमाराला पान बदललं.

सोमवारी मी आकडे मागून घेतले. जुनं वाक्य असताना ते पान एकेचाळीस जणांनी उघडलं होतं. शेवटपर्यंत किती जणांनी वाचलं, ते त्या आकड्यात दिसत नाही.