घराच्या नियमांत राहून

रमोना क्विंबी तिसरीत आहे. शाळेत सध्या एक टूम निघालीय: डब्यातलं उकडलेलं अंडं डोक्यावर आपटून फोडायचं. रमोनाही ऐटीत आपटते आणि अंडं कच्चं निघतं. सकाळच्या घाईत आईने भलतंच अंडं डब्यात दिलेलं असतं. केस चिकट झालेल्या पोरीला ते धुवायला ऑफिसात नेतात, आणि तिथे तिच्या कानावर पडतं, की आपल्या बाई आपल्याला मिरवणारी आणि तापदायक म्हणतात. अंडं केव्हाच धुऊन निघतं, ते शब्द मात्र निघत नाहीत. पुढे ताप भरून वर्गातच उलटी होते तेव्हासुद्धा, अंगातलं त्राण गेलेलं असताना, बाईंना आपला पुन्हा ताप झाला हेच तिला खात राहतं.

रमोनाची ही गोष्ट सांगणारं बेव्हर्ली क्लिअरीचं पुस्तक 1981चं. तरुणपणी वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी ती ग्रंथपाल होती. तिथली मुलं तिला विचारायची, आमच्यासारख्या पोरांची पुस्तकं कुठे आहेत? ती पुस्तकं तिनेच पुढे लिहिली. क्विंबींच्या घरी पैशांची ओढाताण आहे. बाप नोकरी सांभाळून पुन्हा कॉलेजात शिकतोय. शाळा सुटल्यावर रमोनाला दुसऱ्यांच्या घरी थांबावं लागतं, तिथल्या चार वर्षांच्या हट्टी पोरीशी गोडीगुलाबीने खेळावं लागतं, कारण ते बिनसलं तर आईच्या नोकरीचं काय? आठ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर घराचा एवढा भार आहे आणि तो तिला कळतो. तरी पुस्तक पानोपानी हसवतं. असं हलकं लिहिणं फार अवघड असतं, असं मला मनापासून वाटतं.

आठ ते बारा वयासाठी लिहिलेल्या या कादंबऱ्या मी आज, या वयात, आवडीने वाचते. गोट्या आणि चिंगीवर वाढलेले आपण बारावं सरलं की त्या शेल्फाकडे पाठ फिरवतो. त्यात आपलंच नुकसान आहे. आणि याच ओढीने मी आमिश कादंबऱ्यांपाशी पोचले, म्हणजे वीज-मोटार टाळून जुन्या चालीने राहणाऱ्या अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या गोष्टींपाशी.

वरवर पाहता या दोन्हींचा काही संबंध नाही. आमिश कादंबऱ्या मोठ्यांसाठी असतात, पेनसिल्व्हेनिया नाहीतर ओहायोच्या शेतांवर घडतात. घोडागाडी, कंदील, डोक्यावर पांढरी टोपी आणि बहुतेक वेळा एक प्रेमकथा. पण दोन्हीकडे गोष्ट सुरू होते ती एकाच जागी. घर आहे, घरात माया आहे, आणि घराचे नियम आपण केलेले नाहीत. त्या नियमांत राहून स्वतःसाठी किती जागा करता येते, हीच दोन्हीकडची लढाई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972मध्ये आमिश मुलांना आठवीनंतर शाळा सोडण्याची मुभा दिली. म्हणजे किशोर-कादंबरीतली मुलगी ज्या वयात हायस्कूलची वाट धरते, त्याच वयात आमिश मुलगी दप्तर ठेवून आईच्या हाताखाली स्वयंपाकघरात उभी राहते. इथून पुढची गोष्ट आमिश कादंबरी सांगते, असं मला वाचताना वाटत आलंय.

त्यात खरा ताण येतो तो बाप्तिस्म्यामुळे. आमिश लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. साधारण अठरा ते बावीसच्या दरम्यान, समजून-उमजून, ज्याचा त्याने घ्यायचा. त्याआधी कुणी पंथ सोडून गेलं तर घरचे रडतात, पण बहिष्कार पडत नाही. बाप्तिस्म्यात शब्द देऊन तो मोडला, तर मात्र आई एका टेबलाशी जेवायला बसू देत नाही. या एका नियमावर अख्खं कथानक तोलून धरता येतं.

बेव्हर्ली लुईसने 1997च्या ‘द शनिंग’मध्ये तेच केलं. तिची स्वतःची आजी आमिशांसारख्याच ओल्ड ऑर्डर मेनोनाइट पंथाच्या घरातून बाहेर पडलेली होती, त्यामुळे ही जखम तिच्या घरातलीच. कादंबरीतली केटी लॅप लग्नाच्या तयारीत आहे. नवरा विधुर बिशप, त्याला आधीची मुलं. माळ्यावर एका पेटीत तिला बाळाचं गुलाबी सॅटिनचं झबलं सापडतं. ज्या घरात बटणाचीही चैन चालत नाही, त्या घरात सॅटिन! ती आईपुढे ते धरते, आणि आईला काय बोलावं सुचत नाही. ती पानं मी पुन्हा पुन्हा वाचलीत. त्यात खलनायक नाही. लेकीवर जीव असलेली एक बाई आहे आणि तिने वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली एक गोष्ट.

व्हॅलरी वीव्हर-झर्चरने 2013मध्ये या कादंबऱ्यांवर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं. वेगाने आणि पडद्यांनी भरलेल्या जगण्याचा शीण आणि सगळीकडे उघडंवाघडं होत चाललेलं शरीर, या दोन्हींपासून वाचक इथे आसरा शोधतात, असं तिचं म्हणणं. बऱ्याच जणींच्या बाबतीत ते खरं असेल. मला मात्र विजेशिवायच्या जगण्याची हौस नाही. मी तिथे जाते ती भांडणांसाठी. जेवायच्या टेबलावर बाप गप्प बसतो आणि सगळ्या घराला कळतं, की काहीतरी बिनसलंय. एवढ्याशा गोष्टीला तिथे पूर्ण प्रकरण मिळतं. गंभीर साहित्यात ते एका ओळीत उरकतात.

तक्रारही आहे. या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांतल्या बहुतेक जणी आमिश नाहीत, इव्हॅंजेलिकल ख्रिस्ती आहेत. त्यामुळे शेवटाकडे नायिकेची श्रद्धा हळूच लेखिकेच्या श्रद्धेसारखी बोलू लागते. ‘द शनिंग’मध्येही एक गोष्ट मला खटकते. केटीला गाण्याचं वेड आहे, नियमाबाहेरची गिटार तिने कोठारात लपवलीय. मग कळतं, की ती दत्तक आहे, जन्म बाहेरचा. झालं, गिटारचं कारण रक्तात सापडलं! आमिश आईबापांच्या पोटच्या पोरीला गिटार वाजवावीशी वाटली असती, तर? मला ती कादंबरी हवी होती. बंड करणारी मुलगी परक्या रक्ताची ठरवली, की घराला काही उत्तर द्यावंच लागत नाही.

म्हणून कुणी सुरुवात कुठून करू विचारलं, तर मी लिंडा बायलरचं नाव सांगते. ती स्वतः आमिश आहे, आजही त्या चर्चमध्ये आहे, आणि कादंबऱ्या वहीत हाताने लिहिते. तिची लिझी ग्लिक उतावळी आहे, आणि तो उतावळेपणा तिने कुठूनही उसना आणलेला नाही. त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली ती तशी झालीय. रमोनाची आवड असलेल्या वाचकाला लिझी लगेच ओळखीची वाटेल.