आधी तार शोधा : ट्रॉलीची जुनी छायाचित्रे आणि रिचमंड शहर

जुन्या मुंबईच्या ट्रामची छायाचित्रे समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतात. त्यांतल्या एखाद्याखाली कोणी ‘मुंबई, १८९०’ अशी ओळ टाकलेली असते. चित्र मोहक असते, पागोटी असतात, घोडागाड्या असतात. अडचण एवढीच, की रस्त्यावर तारा ताणलेल्या दिसतात आणि ट्रामपुढे घोडा नसतो. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी आणि विजेची ७ मे १९०७ रोजी. दुमजली ट्राम दिसली, तर छायाचित्र १९२० च्या सप्टेंबरनंतरचे. म्हणून जुने छायाचित्र समोर आले की मी माणसांकडे नंतर पाहतो. आधी तार शोधतो.

आजचा धागा मात्र मुंबईचा नाही. ती तार आणि तिला खालून टेकणारा दांडा ज्या शहरात प्रथम मोठ्या प्रमाणावर भरवशाने चालला, त्या शहराचा आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड.

विजेवर गाडी चालवण्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते. वेर्नर सीमेन्स याने १८८१ मध्ये बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथे विजेची गाडी चालवली, पण तिचा विद्युत्प्रवाह रुळांतूनच वाहत असे. रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसत. भर शहरातल्या रस्त्यावर हे चालणे शक्य नव्हते. वीज माणसाच्या डोक्याच्याही वर न्यायला हवी होती.

हे काम अंगावर घेतले फ्रँक स्प्रेग या तरुण अभियंत्याने. तो अमेरिकी नौदलाच्या प्रबोधिनीत शिकलेला. काही काळ एडिसनकडे काम केलेला. मे १८८७ मध्ये त्याने रिचमंडशी केलेला करार आज वाचला तरी छाती दडपते. सुमारे १२ मैलांचा मार्ग, ४० गाड्या, ८० मोटारी, ९० दिवसांची मुदत आणि १ लाख १० हजार डॉलर. तेही काम पसंत पडले तरच. रिचमंड हे टेकड्यांचे गाव. काही चढ दहा टक्क्यांच्या घरातले, म्हणजे शंभर फूट पुढे जाताना दहा फूट वर चढायचे. वळणे अरुंद, रूळ कच्चे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर असल्या चढावर पकड धरील का, याचीच प्रथम शंका होती.

एका चाचणीची हकीकत स्प्रेगने पुढे स्वतःच सांगितली आहे. गाडी चढ चढून गेली आणि मोटार बिघडली. भोवती बघ्यांची गर्दी. स्प्रेगने सहकाऱ्याला मोठ्याने सांगितले, की जरा उपकरणे घेऊन ये. आणि स्वतः दिवे मालवून गाडीतल्या बाकावर आडवा झाला. गर्दी पांगण्याची वाट पाहत तो पडून राहिला. बऱ्याच वेळाने ‘उपकरणे’ आली. ती होती चार दांडगी खेचरे! विजेची गाडी रात्रीच्या अंधारात खेचरांनी ओढून नेली. या प्रसंगाचे छायाचित्र असते, तर मी ते भिंतीवर लावले असते.

शेवटी २ फेब्रुवारी १८८८ रोजी नियमित वाहतूक सुरू झाली. तिच्यामागची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. मोटार गाडीखाली एका बाजूने थेट आसावर टेकवलेली आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगवर टांगलेली होती. त्यामुळे खडबडीत रुळांवर गचके बसले तरी दातेरी चाकांची जुळणी सुटत नसे. छतावर दांडा, दांड्याच्या टोकाला खाचेचे छोटे चाक. स्प्रिंगच्या जोराने ते तारेला खालून दाबून धरी. तारेतून आलेली वीज मोटारीतून जाऊन रुळांवाटे परत फिरे. ‘ट्रॉली’ हे नाव मुळात त्या छोट्या चाकाचे. पुढे ते सगळ्या गाडीलाच चिकटले.

त्याच उन्हाळ्यात बॉस्टनचे ट्रामचालक हेन्री व्हिटनी पाहणीला आले. एकाच भागात अनेक गाड्या एकदम निघाल्या, तर वीज पुरेल का, असा त्यांचा प्रश्न होता. स्प्रेगने रात्री २२ गाड्या एका रांगेत उभ्या केल्या आणि एकामागून एक सोडल्या. दिवे मंदावले, पण गाड्या निघाल्या. बॉस्टनने वीज स्वीकारली. १८८९ पर्यंत स्प्रेगच्या यंत्रसामग्रीवर चालणारे ११० मार्ग जगात कुठे ना कुठे सुरू झाले होते किंवा आखले गेले होते. १८७२ मध्ये घोड्यांमध्ये तापाची मोठी साथ पसरून अमेरिकेतल्या शहरांची वाहतूक ठप्प झाली होती. तो अनुभव ज्यांना आठवत होता, त्यांना खेचरे आणि घोडे यांपासून सुटका हवीच होती.

आता छायाचित्रांकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीने अमेरिकी शहरांतल्या रस्त्यांची शेकडो चित्रे मोठ्या काचपट्ट्यांवर टिपली. त्या काचा आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि त्यांच्या प्रती कोणालाही विनामूल्य पाहता येतात. काच मोठी असल्याने चित्र पडद्यावर कितीही वाढवा, नवे काही सापडत राहते. रात्री जेवणानंतर ‘एकच चित्र पाहू’ म्हणून बसावे आणि दीड वाजावा, असे माझे पुष्कळदा झाले आहे.

पाहायचे काय? आधी तार. ती नसेल, तर दोन रुळांच्या मधोमध एक बारीक चीर आहे का ते पाहा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात ट्रामसाठी डोक्यावरच्या तारांना मनाई होती, म्हणून तिथे वीज रस्त्याखालच्या चरीतून घेत. (आपल्याकडे मद्रासने १८९५ मध्ये असाच प्रयोग केला, पावसाच्या पाण्याने तो बुडवला आणि पुढे तिथेही तारा आल्या.) मग दांडा कोणत्या दिशेला कललेला आहे ते पाहा, तो नेहमी मागे कललेला असतो, त्यावरून गाडी येत आहे की जात आहे ते कळते. पुढे उघड्या फलाटावर चालक उभा असतो, ऊन असो वा बर्फ. खाली माणूस चाकाखाली जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी असते. ती शोभेची नव्हती. ब्रुकलिनमध्ये ट्रॉली चुकवीत रस्ता ओलांडणे इतके नित्याचे झाले होते, की तिथल्या बेसबॉल संघाचे नाव ‘ट्रॉली डॉजर्स’ पडले. लॉस एंजेलिसचा आजचा डॉजर्स संघ तो हाच.

रंगवलेल्या पोस्टकार्डांवर मात्र फार विसंबू नये. आकाश स्वच्छ दिसावे म्हणून कारागीर कुंचल्याने तारा पुसून टाकीत. अशा कार्डावर दांडा हवेत कशालाही न टेकता उभा असलेला दिसतो.

पण कितीही वाढवले तरी एक गोष्ट या छायाचित्रांत सापडत नाही, आणि गेले काही महिने मी तिच्यापाशी अडखळलो आहे. छायाचित्रकार रस्त्यावर उभा असतो. गाडी बाहेरून दिसते. आत कोण कुठे बसले आहे, ते खिडकीच्या काळोखात हरवलेले असते.

जानेवारी १९०४ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून ट्रॉली कंपन्यांना गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांना वेगळे बसवण्याची मुभा दिली. सक्ती नव्हती, मुभा होती. रिचमंडची गाडी चालवणाऱ्या व्हर्जिनिया पॅसेंजर अँड पॉवर कंपनीने ती उचलली. कोणी कुठे बसावे हे ठरवण्याचा आणि प्रवाशाला उठवून दुसरीकडे बसवण्याचा अधिकार कंडक्टरच्या हाती आला. त्याला पोलिसाचे अधिकारही देण्यात आले.

‘रिचमंड प्लॅनेट’चे संपादक जॉन मिचेल आणि आदल्याच वर्षी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक स्थापन करणाऱ्या मॅगी लीना वॉकर यांनी कृष्णवर्णीय नागरिकांना आवाहन केले, की चाला. एप्रिल १९०४ पासून लोक चालू लागले. धुणे धुणाऱ्या बाया, तंबाखूच्या कारखान्यांतले कामगार, शिक्षक. ज्या चढांवर खेचरांची गरज संपल्याचा साऱ्या जगाने गौरव केला, तेच चढ हे लोक पायी चढत होते. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. बहिष्काराखेरीज तिच्या इतरही आर्थिक अडचणी होत्या, हे नोंदवायला हवे. १९०० ते १९०६ या काळात दक्षिणेतल्या पंचवीसहून अधिक शहरांत असे बहिष्कार झाले. मॉन्टगोमेरीतला बसचा बहिष्कार आपण पाठ्यपुस्तकांतून ओळखतो, तो १९५५ चा. या चालण्यानंतर अर्ध्या शतकाने झालेला.

रिचमंडकरांचे चालणे कायदा रोखू शकले नाही. १९०६ मध्ये व्हर्जिनियाने मुभेची सक्ती केली. आता साऱ्या ट्रॉलींवर वेगळी आसने अनिवार्य झाली. रिचमंडची शेवटची ट्रॉली १९४९ मध्ये धावली, तोवर हा नियम गाडीत बसलेलाच होता.

अभियांत्रिकीच्या इतिहासात रिचमंड म्हणजे १८८८, आणि नागरी हक्कांच्या इतिहासात रिचमंड म्हणजे १९०४. दोन्ही पुस्तके मी वेगवेगळ्या कपाटांत वाचली, आणि दोन्हींतली गाडी एकच आहे हे कुठल्याच पुस्तकाने मला ठळकपणे सांगितले नाही. तेव्हापासून त्या काळातल्या अमेरिकी रस्त्याचे चित्र उघडले, की तार आणि दांडा पाहून झाल्यावर मी पदपथाकडे जातो. तिथे चालणारी माणसे असतात, काही अस्पष्ट, काही निम्मीच चौकटीत आलेली. ती जवळच राहत असतील. ट्रॉलीची वाट पाहून कंटाळली असतील. किंवा खिशात भाड्याचे नाणे असूनही निघाली असतील.

मद्रासच्या चरीतल्या ट्रामविषयी पुढच्या धाग्यात. तोवर तुमच्या घरी ट्रामचे जुने छायाचित्र असेल, तर त्याची मागची बाजूही टिपून ठेवा. तारीख बहुधा तिथेच लिहिलेली असते.