उधाणाआधीचा बांध

रविवारच्या शाळेत प्रभूची प्रार्थना पाठ करून घेत होतो, तेव्हा एका चिमुरड्याने मला मध्येच अडवले. परीक्षेपासून वाचव, अशी विनवणी त्या प्रार्थनेत आहे. मग सहामाही परीक्षा त्यात धरायची की नाही, असा त्याचा रोकडा सवाल होता. उभा आठवडा पेपर तपासणाऱ्या मास्तराला याहून अवघड प्रश्न कोण घालणार! मी हसून वेळ मारून नेली, पण शब्द मनात राहिला. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात वेचली. १९२२ साली त्या गेल्या. असा एकेक शब्द त्यांनी किती वेळा तोलून पाहिला असेल, हे मनात येते आणि माझी लेखणी थोडी लाजते.

मोहाचे चित्र आपण फार भडक काढतो. नाटकातल्या खलनायकासारखा तो मिशा पिळत येतो, अशी आपली समजूत. शुभवर्तमानातला प्रसंग पाहा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूपुढे पहिला मोह आला तो भाकरीचा. भुकेल्या माणसाला भाकर हवी, यात वावगे काय? मोह नेहमी असाच एखाद्या रास्त गरजेचा हात धरून घरात शिरतो. आणि येशूने तिन्ही वेळा जे उत्तर दिले ते त्या क्षणी जुळवलेले नव्हते. अनुवादाच्या पुस्तकातली ती वचने लहानपणापासून ओठांवर असणार. वाळवंटात पोथी उघडून बसायला वेळ नसतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिअस नावाच्या तपस्व्याने हेच शास्त्र पुढे नेले. मनाला ग्रासणारे आठ विचार त्याने वेगळे काढले आणि प्रत्येकाला परतवणाऱ्या वचनांचा एक ग्रंथच रचला. षड्रिपूंची ओळख असलेल्या आपल्याला यात परके काही वाटू नये. तुकोबांनीही मनाशी झुंज दिलीच, आणि त्या तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे आमचे रेव्हरंड टिळक म्हणत.

बांध म्हणजे काय, हे मात्र मला ग्रंथांनी शिकवले नाही. ते करावे गावाने शिकवले. आज इथे इमारतींची रांग उभी आहे आणि हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्षी उतरले की मोटारी भरभरून लोक बघायला येतात. पण १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, त्याआधी या खाडीकाठच्या पट्ट्यात आगरी माणूस खाऱ्या पाण्याला मातीचा बांध घालून भात पिकवीत असे. बांधात लाकडी झडपेची उघाडी असे. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडे, आणि भरती चढली की बाहेरचे पाणीच तिला दाबून बंद करी. शत्रूच्याच जोराने मिटणारे दार! एकदा का खारे पाणी शिरले की ते पीक तर जाईच, पण जमिनीत मुरलेले मीठ पुढची पिकेही खाई.

माझ्या शेजारचे म्हातारबाबा त्या दिवसांतले. मी एकदा त्यांना विचारले, "बाबा, मोठी लाट आली की बांध फुटत असेल, नाही?"

ते माझ्याकडे पाहून हसले. "मास्तर, बांद लाट नाय तोरीत. खेकरं तोरतान."

खेकड्याचे बीळ बोटभर असते. त्यातून पाणी झिरपते, माती सैल होते, आणि मग अमावास्या-पुनवेचे उधाण येऊन आयते श्रेय घेते. म्हणून उधाणाच्या आधी बांधावरून चालत जायचे आणि दिसेल ते बीळ चिखलाने बुजवायचे. उधाण आल्यावर घमेले शोधणाऱ्याचे शेत राहत नाही.

आमच्या घरी असले एक बीळ आईने फार पूर्वी बुजवून ठेवले आहे. दिवाळीला कुणी फराळाचा डबा आणला, तर तो आणणाऱ्यासमोरच उघडायचा, चकली तोंडात टाकायची आणि रिकामा डबा त्याच्याच हाती द्यायचा. पाहुण्याचा मान म्हणून ही रीत आहे, असे मला वाटे. काही वर्षांपूर्वी एका पालकाने आणलेल्या डब्यात चिवड्याखाली पाकीट निघाले. त्यांच्या मुलाचा निकाल माझ्या हाती होता. त्याच महिन्यात आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले होते, आणि पाकिटाची जाडी मला आजही आठवते. एकट्याने तो डबा रात्री उघडला असता तर माझ्या मनाने किती सुंदर कारणे रचली असती! कादंबरीकाराच्या मनाला कारणांची काय वाण? पण आई शेजारी उभी होती. तिने पाकीट पुसून डब्यात ठेवले, "चिवडा छान झालाय हो," म्हणाली, आणि डबा परत दिला. ऑपरेशन हप्त्यांवर झाले. फेडताना नाकी नऊ आले, हेही खरे.

सद्गुणालाही बीळ पडते. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. पगाराचा मोह त्यांना कधी बाधला नाही. पण हातातला पैसा घरी पोहोचायच्या आत वाटेत संपवण्याची त्यांची उदारता 'स्मृतिचित्रे' वाचताना जागोजाग भेटते, आणि ते भगदाड बुजवायला लक्ष्मीबाई उभ्या असतात. मला तरी त्या दोघांत बांधाची राखण जास्त कळली ती लक्ष्मीबाईंना.

आजचा खेकडा तळहातावरच्या फोनमध्ये राहतो. पैसे लावून खेळायच्या खेळांवर संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली, ते चांगलेच झाले. पण बाहेरून घातलेल्या बांधावरून कुणीतरी घरचे माणूस रोज चालावे लागते. आमच्या घरी रात्री जेवण झाले की सगळे फोन देव्हाऱ्यासारख्या एका फळीवर जातात आणि एक स्तोत्र वाचले जाते. मुले कुरकुरतात. मीही मनात कुरकुरतो.

सैतान येशूला सोडून गेला तो पुन्हा संधी मिळेपर्यंत, असे लूक लिहितो. भरतीओहोटीच्या काठी राहणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, म्हणजे त्या रात्री खाडीला उधाण असते. गावात पणत्या लागतात, आकाशात बाण उडतात, आणि शेजारचे म्हातारबाबा टॉर्च घेऊन खाडीकडे निघतात. शेत जाऊन पन्नासच्या घरात वर्षे झाली. त्यांची सून दारातून हाक मारते, "बाबा, फराळाला चला!" ते हात हलवतात आणि पाणी कुठवर चढले आहे ते बघून येतात.