आमचे आजोबा

गेल्या श्रावणांत आमचे आजोबा आम्हांस सोडून गेले. ते कोणी थोर पुरुष नव्हते; त्यांचें नांव कोठें छापून आलें नाहीं. तरी त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे असें मनापासून वाटतें.

कर्जत व लोणावळें यांमधील बोरघाटाचा लोहमार्ग 1863 सालीं खुला झाला. तो बांधतांना अपघातांनीं व पटकीसारख्या रोगांनीं हजारों मजूर मरण पावले. कांहीं ठिकाणीं तेथील चढ 37 फुटांस 1 फूट इतका आहे. गाडी वर नेण्यास मागून जादा एंजिनें लावावीं लागतात. ह्या मार्गावर आजोबा आरंभीं गँगमन व पुढें चावीवाले होते. रूळ जागच्या जागीं घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरीस चावी म्हणत. खांद्यावर हातोडा घेऊन ते रोज आपली हद्द चालत आणि ढिली झालेली प्रत्येक चावी ठोकून बसवीत.

पावसाळ्यांत घाटांत दरडींचें भय. म्हणून गँगमनांस रात्रींची गस्त असे. हातांत कंदील, पिशवींत फटाके. दरड दिसली कीं रुळावर फटाके बांधावयाचे. चाकाखालीं ते वाजले म्हणजे चालक गाडी थांबवी. हद्दीच्या टोंकाशीं पलीकडचा गस्तवाला भेटला म्हणजे दोघे आपापलीं गस्तीचीं पुस्तकें अदलाबदल करून परत फिरत.

अशाच एका रात्रीं माझ्या वडिलांच्या धाकट्या बहिणीस कडक ताप भरला. ती तीन वर्षांची होती. शेजारी धांवत निरोप घेऊन आला, "पोरीचें लक्षण ठीक नाहीं, लवकर चला." आजोबा अर्ध्या हद्दीवर होते. जवळ बदलीस माणूस नव्हता आणि पुण्याकडील गाडी यावयाची होती. त्यांनीं शेजाऱ्यास परत पाठविलें व उरलेली हद्द चालून पुरी केली. पहांटे ते घरीं पोंचले, तेव्हां पोर गेली होती.

त्या रात्रीं दरड कोसळली नव्हती. सारे रूळ ठीक होते.

ही हकीकत मला आजीनें सांगितली. तिनें त्यांना कधीं बोल लावला नाहीं. सेवानिवृत्त होऊन ते घाटाखालच्या आमच्या गांवीं राहिले, तरी पाऊस लागला कीं ओटीवर जागत बसत. रात्रींच्या गाडीची शिटी ऐकूं आली म्हणजे उठत, आणि निजलेल्या आम्हां नातवंडांच्या कपाळांवर एकेक करून हात ठेवून पाहत.

एकदां मीं धीर करून विचारलें, "आजोबा, दरड तर कोसळली नव्हती, मग तुम्ही घरीं आलां असतां तर?"

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "बाळ, कोसळली नव्हती, हें चालून पाहिल्यावर कळलें."

त्यांनीं केलें तें योग्य कीं अयोग्य, हें ठरविण्याचा अधिकार मला नाहीं. मात्र रात्रीं घाटांतून जातांना डब्यांतील सारे प्रवासी स्वस्थ निजलेले दिसतात, तेव्हां मला झोंप येत नाहीं. बाहेर अंधारांत एखादा दिवा हलतांना दिसला, तर मी नकळत हात जोडतों.