निदान आधी, पाना मागाहून

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, तेव्हापासून आमच्या भागात चेनसॉ ही हौसेची अगर चैनीची वस्तू राहिली नाही. तोपर्यंत पडलेल्या झाडाचा बंदोबस्त कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने होत असे. परंतु कौलांवर, विहिरींवर आणि हमरस्त्यांवर एकाच दिवशी कोसळलेली झाडे माणसाच्या दंडाला आवरणारी नव्हती. त्या धामधुमीत एका ठेकेदाराकडून विकत घेतलेले परदेशी बनावटीचे जुने यंत्र आमच्या वाडीच्या कामाला इतके उपयोगी पडले, की वय झाले या सबबीवर ते मोडीत काढावे असा विचारही माझ्या मनाला शिवला नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस मात्र त्याची प्रकृती बिघडली. थंड असताना ते बिनतक्रार सुरू होई. पण काही ओंडके कापून इंजिन तापले, की ट्रिगर सोडला तरी रेस खाली उतरेना, उलट आपोआप चढू लागे. यंत्र एका कुशीवर कलते केले की आवाजाची पट्टी बदले. याहून गंभीर गोष्ट अशी, की रेस चढलेली राहिल्यामुळे क्लचचे गट्टू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरून राहत, आणि ज्या क्षणी साखळी निश्चल असावयास हवी त्याच क्षणी ती फिरत राही. चेनसॉ हातात घेऊन पाऊल उचलणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या विकाराचे मूळ समजण्यासाठी टू-स्ट्रोक इंजिनाची घडण थोडी ध्यानात घ्यावी लागते. येथे वाल्व्ह नाहीत, निराळी तेलाची टाकी नाही. पिस्टनच्या खाली, क्रँक जिथे फिरतो ती बंदिस्त कोठडीच लोहाराच्या भात्याप्रमाणे काम करते. पिस्टन वर गेला की कोठडीत निर्वात उत्पन्न होऊन कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. निवांत चालीतही ही क्रिया मिनिटाला अडीच-तीन हजार वेळा घडते, आणि कार्बोरेटरमधील पेट्रोल ओढणारा पातळ पडदासुद्धा याच कोठडीच्या दाब-निर्वाताच्या स्पंदनावर हलतो. आता क्रँकचा दांडा या कोठडीतून दोन्ही बाजूंना बाहेर पडतो: एका बाजूला क्लच, दुसऱ्या बाजूला मॅग्नेट. फिरणारा दांडा बाहेर जावा, पण हवा आत येऊ नये, अशी दुहेरी जबाबदारी ज्यांच्यावर सोपविलेली असते ती दोन ऑइल सीले म्हणजे पत्र्याच्या कड्यावर चढविलेली रबरी वलये होत. उष्णतेने आणि वयोमानाने त्यांचे ओठ कठीण झाले, की प्रत्येक निर्वातासरशी बाहेरची हवा चोरवाटेने आत शिरते, मिश्रण विरळ होते, आणि पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेले तेलही कमी, या न्यायाने इंजिन एकाच वेळी अधिक तापते व कोरडे पडते. अशा यंत्राचा पिस्टन, विशेषतः धूर बाहेर पडतो त्या बाजूने, ओरबाडला जाऊन अखेर जाम होतो.

पण लक्षण दिसते ते कार्बोरेटरपाशी. म्हणून हात प्रथम तिकडेच जातो. पेट्रोलचा स्क्रू जरासा सैल केला की मिश्रण दाट होऊन आवाज काही काळ सुधारतो. गळती जिथल्या तिथेच असते, तिच्यावर पडदा मात्र पडतो. आमच्या गावच्या एका वृद्ध मिस्त्रींनी, ज्यांचे आयुष्य चेतक आणि राजदूतची इंजिने उघडण्यात गेले, यंत्राचा आवाज ऐकताच मला बजावले, “भाऊ, त्या स्क्रूला शिवू नका. ही हवा घेतेय. आधी हिचं पोट तपासा, मग काय ते उघडा.” दुरुस्तीच्या शास्त्राचे इतके मार्मिक सूत्र मला कोणत्याही पुस्तकात आढळलेले नाही.

पोट तपासण्याची साधने घरच्या घरी जुळविता आली. सायलेन्सर काढून धुराच्या वाटेवर जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा दाबून बसविला, कार्बोरेटर उतरवून मिश्रणाची वाट तशीच बंद केली, प्लग जागेवर ठेवला, आणि स्पंदनाच्या नळीला मोटारीच्या ब्रेकमधील हवा काढण्याचा काटेदार हातपंप जोडला. प्रथम अर्धा बार, म्हणजे सुमारे सात पौंड दाब भरला. काटा जवळजवळ स्थिर राहिला. साबणाच्या पाण्यानेही कोठे बुडबुडा उठला नाही. एखाद्याने येथेच सीलांना निर्दोष ठरवून फैसला दिला असता. परंतु पंप उलटा जोडून तितकाच निर्वात उत्पन्न केला, तेव्हा काटा डोळ्यांदेखत शून्याकडे सरकू लागला.

या विसंगतीतच सीलाच्या रचनेचे मर्म आहे. त्याच्या ओठामागे तारेची एक अतिशय नाजूक वर्तुळाकार स्प्रिंग असते आणि ती बाजू इंजिनाच्या आत वळलेली असते. त्यामुळे आतून दाब आला की जीर्ण ओठदेखील दांड्याला अधिकच आवळून धरतो. निर्वात मात्र त्याच ओठाला दांड्यापासून उचलू पाहतो, आणि रबरातला लवचिकपणा नष्ट झाला असेल तर तेथे फट पडते. दाबाच्या चाचणीत उत्तीर्ण होणारे सील निर्वाताच्या चाचणीत दोषी ठरते ते यामुळे. दोहोंपैकी अपराधी कोण याची शहानिशाही त्याच पंपाने झाली: मॅग्नेट काढून त्या बाजूच्या सीलाभोवती दाट ग्रीस लिंपले, तरी काटा पूर्ववत घसरला, क्लचच्या बाजूस लिंपले, तेव्हा त्याची गती स्पष्टपणे मंदावली. कार्बोरेटर निरपराध असल्याचा याहून सबळ पुरावा मला नको होता. एक सील झिजले असता दुसरे फार काळ टिकणार नाही, म्हणून दोन्ही बदलण्याचे ठरविले.

क्लच उतरविताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. त्याचे आटे डावे असतात. म्हणजे सामान्य बोल्ट ज्या दिशेने आवळला जातो त्या दिशेने फिरविल्यास तो सुटतो. पिस्टन अडवून धरण्यासाठी प्लगच्या छिद्रातून नायलॉनची दोरी आत सोडली. लोखंडी वस्तूने अडविल्यास पिस्टनच्या माथ्यावर व्रण उमटण्याचे भय असते. क्लचमागे साखळीला तेल पुरविणारा लहान पंप होता, आणि तो काढल्यावर, लाकडाच्या भुशाच्या व तेलाच्या लगद्याखाली, ते सील प्रथमच दृष्टीस पडले. त्याचा ओठ काचेसारखा चकचकीत आणि कडक झाला होता. नखाने दाबला असता त्यावर केसाएवढी चीर उघडली.

जुने सील उपटताना घाई केल्यास दांड्यावर किंवा कोठडीच्या मऊ धातूवर ओरखडा उठतो, आणि मग नवे सीलही निरुपयोगी ठरते. सीलाच्या पत्र्यात समोरासमोर दोन बारीक स्क्रू थोडेसे रुतवून ते पकडीने आळीपाळीने ओढले, तेव्हा ते सरळ बाहेर आले. त्यानंतर दांडा वरखाली हलवून पाहिला, कारण बेअरिंगमध्ये खेळ असेल तर दांडा लंबगोल फिरतो आणि कितीही उत्तम सील त्याला पुरे पडत नाही. सुदैवाने बेअरिंग घट्ट होते. दांड्यावर जुन्या ओठाने पाडलेली एक फिकट रेघ मात्र होती. तिच्यावर तेलात भिजविलेला बारीक पॉलिश पेपर आडवा फिरवून ती साफ केली, आणि नव्या सीलाचा ओठ त्या रेघेवर न बसता किंचित अलीकडच्या अस्पर्श धातूवर बसेल अशी तजवीज केली.

नवी सीले मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळाली. तेथे यंत्राचे नाव सांगण्याचे कारण पडत नाही; जुन्या कड्यावर कोरलेली आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे पुरेशी होतात. नेहमीच्या नायट्राइल रबराऐवजी अधिक उष्णता सोसणारे व्हायटॉनचे सील मी मागून घेतले. बसविण्यापूर्वी ओठावर तेल लावले, दांड्याच्या धारदार खाचेवर पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली, आणि सीलाच्या बाहेरच्या कडेएवढ्या रुंदीची गोटी पालथी धरून, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी, प्रत्येक ठोक्यानंतर ते तिरपे जात नाही ना हे पाहत, ते जागेवर नेले.

मॅग्नेट चढविण्यापूर्वी, जोडणीचा मोह आवरून, पुन्हा पंप लावला. काटा अर्ध्या बारच्या निर्वातावर गेला आणि तेथेच राहिला. मग मॅग्नेट आणि कॉइल यांच्यामध्ये सुमारे 0.3 मिलिमीटर अंतर ठेवून बाकीची जुळवणी केली. लिटरला 20 मिलिलिटर या प्रमाणात तेल मिसळलेले ताजे पेट्रोल भरले. आणि आता, इंजिनाचे पोट निर्दोष झाल्यावर, कार्बोरेटरच्या स्क्रूला प्रथमच हात लावला. ट्रिगर सोडताच रेस खाली उतरली आणि साखळी थांबली. भर दुपारी, आडव्या पडलेल्या फणसाचा बुंधा कापून इंजिन पुरते तापल्यावरही ती तशीच थांबली.

या दुरुस्तीला लागलेले साहित्य अल्पमोलाचे आहे आणि हातांचे काम मोठ्या कौशल्याचे नाही. खरे मोल आहे ते उघडण्यापूर्वी घेतलेल्या चाचणीचे आणि मिटण्यापूर्वी घेतलेल्या फेरचाचणीचे. टू-स्ट्रोक स्कूटरी रस्त्यांवरून गेल्या, त्यांच्याबरोबर ही विद्या जाणणारे मिस्त्रीही विरळ होत चालले आहेत. परंतु किनाऱ्यावरची वादळे काही थांबलेली नाहीत, आणि प्रत्येक वादळानंतर हीच जुनी यंत्रे रस्ते मोकळे करण्यासाठी बाहेर काढावी लागणार आहेत. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की ज्या गावात चार चेनसॉ असतील त्या गावाने एक काटेदार हातपंप सामाईक ठेवावा, मृगापूर्वी प्रत्येक यंत्राचा निर्वात एकदा तपासावा, आणि आमच्या मिस्त्रींसारखी माणसे आहेत तोवर तरुण पोरांना त्यांच्या शेजारी बसवावे. स्क्रू फिरवून आवाज गोड करणे कोणालाही साधते. आवाज का बिघडला हे पुराव्यानिशी सांगू शकणारा माणूस प्रत्येक गावात किमान एक तरी असलाच पाहिजे.