यलोस्टोनमधील दुसरी टांकी

यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आम्हांस तेथें प्रथम भेटली ती थंडी. अमेरिकेंतील हें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालचें. त्यांतील सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारें २३५० मीटर उंच, आणि सप्टेंबरांत कित्येक रात्रीं उघड्यावरील पाणी गोठतें. आमचा मुक्काम पुतण्याच्या, मोटारीमागें ओढीत न्यावयाच्या चाकांवरील घरांत. उद्यानांतील बहुतेक तळांवर वीज नाहीं. तेव्हां चूल आणि घर उबदार ठेवणारी भट्टी, दोन्ही प्रोपेन वायूवर. बरोबर सात महिन्यांचें तान्हें बाळ. मध्यरात्रीं टांकी संपली तर काय, ही सूनबाईंची शंका रास्तच होती.

म्हणून निघण्यापूर्वीं पुतण्यानें पुढील जोडदांडीवर दुसरी टांकी बसविली. भरलेली टांकी सुमारें १७ किलोंची. तो वाढता भारहि हिशेबांत धरावा लागतो. खरी खुबी दोहोंमधील नियामकाची. एक टांकी रिकामी होतांच तो आपोआप दुसरींतून वायु घेतो, आणि त्याच्या चिमुकल्या खिडकींतील हिरवी खूण तांबडी होते. सांधे साबणाच्या पाण्यानें तपासले. एवढें शास्त्र आमच्या घरांतील मंडळींस पुण्याच्या स्वयंपाकघरापासूनच अवगत! आपल्या गॅसांतील ब्यूटेन शून्य अंशाजवळच द्रवरूपांत अडून बसतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदु मात्र उणे ४२ अंश.

तिसऱ्या दिवशीं पहाटे विजेरी घेऊन पाहिलें, तों खूण तांबडी. गवतावर दंव गोठलेलें, दूर एल्क हरिणांची शीळ, आणि आंत भट्टीची घरघर अखंड चालू.